एका ओढीला एक दिवस

कॅनॉलखालच्या वस्तीला जाणारी पांदण नकाशावर तेहतीस फूट रुंद आहे. जमिनीवर ती आठ फूट उरली आहे. दोन्ही बाजूंना शेत उकंडरावांचं, आणि दर नांगरटीला त्यांचा बांध वीतभर पुढे सरकतो. आमच्याकडे बांधाला पाय फुटतात, असं वस्तीतली माणसं हसून म्हणायची आणि हसून झालं की गप्प बसायची. एवढ्या वर्षांत हसण्यापलीकडे कुणी काही केलं नव्हतं, आणि उकंडरावांना त्या हसण्याचा काही त्रास नव्हता.

वस्ती नऊ घरांची. डोंगरकडा गावाच्या डांबरी रस्त्यापासून पाऊण कोस आत. कॅनॉलचं पाणी मिळतं म्हणून सगळ्यांची थोडी थोडी केळी. केळीला एक वाईट खोड असते. घड तोडला की त्याच दिवशी तो डांबरीवरच्या ट्रकपर्यंत गेला पाहिजे, आणि जाताना त्याला डाग लागता कामा नये. व्यापारी डागी फणी बाजूला फेकतो आणि वर तोंड वाकडं करतो.

भिवाजी खिल्लारेकडे एक जुनी पिकअप होती. वस्तीतली एकमेव. कोरड्या दिवसांत ती मुकाट चालायची. पण आषाढ लागला की पांदणीतली काळी माती लोण्यासारखी व्हायची आणि पिकअप मधल्या खोलगट भागात, उकंडरावांच्या शेतासमोरच, मागच्या चाकांनी स्वतःची कबर खणत बसायची. मग भिवाजी अनवाणी, गुडघ्यापर्यंत माखलेला, उकंडरावांच्या शेतातल्या घरी, आखाड्यावर जायचा आणि ट्रॅक्टरसाठी उभा राहायचा.

उकंडराव लगेच कधीच उठत नसत. चहा संपायचा, तंबाखू मळून व्हायची.

"भिव्या, गाडी हाय का म्हैस रे ती? रोज गाळात बसून राहिली."

"बसली, मालक."

"तुमी लोकं काहून गाड्या घेता म्हणतो मी. डोक्यावर जात होतं तवा काय वाईट चाललं होतं?"

मग साखळी यायची, ट्रॅक्टर यायचा, एका हिसक्यात पिकअप बाहेर. ओढण्याचे पैसे उकंडराव घेत नसत. ते गावात अभिमानाने सांगायचे की, मी कुणाकडून रुपया घेत नाही. ते दिवस घेत. एका ओढीला एक दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी भिवाजीची बायको पंचफुला खुरपं घेऊन त्यांच्या हळदीत निंदायला हजर पाहिजे. हा नियम कुणी लिहिला नव्हता, कुणी मान्यही केला नव्हता. पण त्यांचा गडी दारात येऊन नुसतं म्हणायचा, "कालची ओढ," आणि पंचफुला पदर खोचून निघायची.

आणि ज्या दिवशी गाडी पांदणीत उतरवायचीच हिंमत होत नसे, त्या दिवशी वस्तीतल्या बाया घड डोक्यावर वाहायच्या. पंचफुलाची मान गेल्या भादव्यापासून डावीकडे वळत नव्हती. कुणी डाव्या बाजूनं हाक मारली की ती सगळीच्या सगळी फिरायची. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, डोक्यावर ओझं बंद करा. असं सांगायला काय जातं. ओझं बंद करा म्हणजे केळी काय चालत जाणार होती?

यंदा मृगातच दोनदा गाडी बसली. दुसऱ्यांदा पंचफुला उकंडरावांच्या शेतातून आली तेव्हा तिनं खुरपं कोपऱ्यात ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली. मान उजवीकडे कलती. तिची पोरगी राणी चुलीपाशी होती. राणी बी.ए. झालेली, वस्तीचे अर्ज तीच लिहायची. पांदण मोकळी करून पक्का रस्ता द्यावा, असे तिचे तीन वर्षांतले चार अर्ज तालुक्याला पडून होते.

"मी एक करून राहिलो," भिवाजी म्हणाला. "लालसिंगशी बोललो. बाळापूरच्या. त्याच्याकडं भंगारात एक जुनी जीप पडली हाय. तिची पुढची एक्सल आपल्या गाडीला बसवायची."

"त्यानं काय होतं?" पंचफुलानं विचारलं.

"आपल्या गाडीला मागचीच दोन चाकं जोर लावतात. पुढची नुसती फिरतात. जीपची एक्सल म्हणजे अख्खी, या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच लोखंड. तिच्यात बी इंजिनाचा जोर येतो. चारी चाकं ओढतील. मंग कुणाच्या दारात उभं ऱ्हायचं काम न्हाई."

राणीनं फुंकणी खाली ठेवली.

"बाबा, रस्ता त्यांनी खाल्ला. करून द्यायचा सरकारनं. अन् गाडी आपण बदलायची?"

"तुझा रस्ता येईस्तोवर तुझ्या मायची मान ऱ्हाईल का?"

राणीनं फुंकणी पुन्हा उचलली. ते बरोबर नव्हतं हे तिला कळत होतं, आणि खोटंही नव्हतं हेही कळत होतं. तिला त्याचाच जास्त राग आला.

लालसिंगचं गॅरेज आखाडा बाळापूर गावाच्या बाहेर, रस्त्याला लागून. गॅरेज म्हणजे चार बल्ल्या, वर पत्रे आणि लिंबाच्या फांदीला लटकवलेली चेनपुली. लालसिंग तांड्यावरचा माणूस, हात काळे, बोलणं कमी. मजुरी त्यानं अशी ठरवली: येत्या हंगामात त्याच्या तांड्याची सगळी हळद भिवाजीनं हिंगोलीच्या मार्केटला पोचवायची. आणि मदतनीस त्याच्याकडे नव्हता, म्हणून हात भिवाजीनं द्यायचे. भिवाजीचे दोन आणि पंचफुलाचे दोन.

काम पाच दिवस चाललं. पहिल्या दिवशी पिकअपचं पुढचं सगळं उतरवलं. दोन्ही बाजूंचे आर्म, लांब बार, गंजून एकजीव झालेले बोल्ट. काही बोल्ट पान्याला दाद देईनात तेव्हा लालसिंगनं ते गॅसनं लाल केले आणि भिवाजीनं खाली उताणं पडून घण मारला. ठिणग्या त्याच्या छातीवर पडत होत्या. संध्याकाळी पंचफुलानं त्या जागांवर खोबरेल लावलं, तर बारीक बारीक फोड गोवरासारखे.

दुसऱ्या दिवशी जीपची एक्सल भंगारातून काढली. मध्ये डिफरन्शियलचा मडक्याएवढा गोळा आणि दोन्हीकडे जाड नळ्या. तिघांनी उचलली. लालसिंग म्हणाला, "वहिनी, तुमी सोडा, जड हाय." पंचफुला म्हणाली, "घडापेक्षा जड न्हाई. अन् हे डोक्यावर तर न्यायचं न्हाई ना." तिनं मान ताठ ठेवून हातांनी आपली बाजू उचलली आणि सोडली नाही.

अख्ख्या एक्सलला वर पाट्यांचा आधार लागतो. टांग्याला असतात तसले, एकावर एक पोलादी पाटे. ते पाटे धरायला चॅसीला नवे कान वेल्डिंग करावे लागले. तिसऱ्या दिवशी कान लावले, चौथ्या दिवशी पाटे चढवले, यू-बोल्ट आवळले, आणि लालसिंगनं दोन्ही बाजूंना दोरी धरून मोजलं तर उजवं चाक डाव्यापेक्षा बोटभर मागे.

लालसिंगनं दोरी पुन्हा लावून पाहिली.

"माझी चूक हाय," तो म्हणाला. "जमीन उताराची हाय, मी ठोकळा बराबर लावला न्हाई."

"बोटभरानं काय व्हतं?" भिवाजीनं विचारलं. त्याला घरी जायचं होतं.

"गाडी सरळ सोडली तरी एका बाजूला वढंल. जलमभर. तुला कुणी वढून राहिलं म्हणून तर आला ना माझ्याकडं?"

आणि त्यानं स्वतःचं केलेलं स्वतः कापलं. भिवाजीला त्या माणसाबद्दल तेव्हा फार वाटलं. तालुक्याच्या कचेरीत त्यानं तीन वर्षं घातली होती. 'माझी चूक आहे' असं म्हणणारा माणूस तिथं त्याला एकदाही भेटला नव्हता. इथं भंगाराच्या ढिगात भेटला.

पाचव्या दिवशी जीपचाच गिअरबॉक्स बसला, पुढचा शाफ्ट जोडला, ब्रेकच्या नळ्या लांब केल्या. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला एक ठेंगणा लिव्हर आला. लालसिंगनं सांगितलं, "डांबरीवर याला हात लावायचा न्हाई. गाळ आला की पुढं ढकल, चारी चाकं लागतील. मागं घेतला की तुझी जुनी गाडी."

पिकअप वीतभर उंच झाली होती. बसताना पंचफुलाला हात द्यावा लागला.

पांदणीच्या तोंडाशी आले तेव्हा नुकतीच एक सर पडून गेली होती. भिवाजीनं लिव्हर पुढे ढकलला. त्याच्या कपाळावर घाम होता. खोलगट भाग आला, पुढची चाकं गाळात उतरली, इंजिनाचा आवाज बदलला, आणि गाडी घसरली नाही. हळू, डुलत, गुरासारखी पाय टाकत ती वर आली. उकंडरावांचा ट्रॅक्टर बांधावर उभा होता. उकंडराव स्वतः त्याच्या मडगार्डावर बसले होते. त्यांनी पाहिलं. भिवाजीनं हॉर्न वाजवला नाही. वाजवावासा फार वाटला होता.

दुसऱ्या दिवशी गडी दारात आला. "गाडी बाळापूरला नेताना वढली, ती मागच्या मंगळवारची ओढ ऱ्हायली म्हणे."

पंचफुला खुरपं घेऊन गेली आणि दिवसभर निंदून आली. परत आल्यावर हात धुताना म्हणाली, "झालं. आता त्यांच्याकडं माझा एक बी दिवस न्हाई." आणि खरंच पुढचा दीड महिना गेली नाही. नऊ घरांची केळी पिकअपमधून गेली. शेजारची शकुबाई म्हणायची की, पंचफुलाची मान डावीकडे थोडी वळायला लागली आहे. ते खरं असेल किंवा शकुबाईचा स्वभाव चांगला असेल.

श्रावणात तालुक्याहून निरोप आला. राणीच्या पाचव्या अर्जावर साहेब स्वतः पाहणीला येणार. राणीनं बापाला तीनदा सांगितलं, "बाबा, साहेबाला चालत आणायचं. डांबरीवरून इथपर्यंत चालत. गाळ पायाला लागला की कागदावर लागतो."

"व्हय, व्हय," भिवाजी म्हणाला.

त्या दिवशी सकाळी पाऊस थांबून ऊन पडलं होतं. राणी आणि वस्तीतल्या बाया शकुबाईच्या ओट्यावर वाट बघत बसल्या. भिवाजी डांबरीवर साहेबाला घ्यायला गेला. धुतलेला पांढरा सदरा घालून गेला, आणि गाडी घेऊन गेला, कारण दीड महिन्यात तो गाडीशिवाय कुठे गेला नव्हता.

साहेबाची जीप पांदणीच्या तोंडाशी थांबली. साहेबानं आत पाहिलं, मग आपल्या बुटांकडे पाहिलं. बरोबर मोबाइल घेतलेला एक कारकून होता.

आता इथं भिवाजीनं काय करावं? पाहुणा दाराशी आलेला. ऊन लागतंय. बूट नवे. आणि मागे उभी स्वतःच्या हातांनी बांधलेली गाडी, जिच्यासाठी छाती भाजून घेतली. माणूस मोठा झाला, नातवंडं व्हायच्या वयाचा झाला, तरी कुणीतरी शिकलेल्यानं आपलं काम बघावं असं वाटतंच. राणीचं सांगणं त्याला आठवलंही असेल. पण तोंडातून निघालं, "बसा साहेब. आपली गाडी कुठंबी जाते."

साहेब पुढे बसले, कारकून मागे. भिवाजीनं लिव्हर ढकलला आणि दीड महिन्यात चालवली नव्हती इतक्या नजाकतीनं गाडी चालवली. खोलगट भागात साहेब म्हणाले, "अरे वा." कारकून व्हिडिओ काढत होता. त्यानं विचारलं, "चालते ना गाडी, काका?"

"चालते की," भिवाजी हसून म्हणाला. "बारा महिने चालते."

ओट्यावरून राणीनं ती गाडी येताना पाहिली. साहेब उतरले. बुटांवर एक थेंब नव्हता. राणीचा चेहरा बघून भिवाजीला काय झालं ते कळलं, आणि त्याचा सदरा एकदम त्याला टोचायला लागला.

चहा झाला. साहेबांनी मांडीवर फाइल घेऊन पाहणीचा कागद लिहिला आणि राणीपुढे धरला. "अर्जदार तुम्हीच ना? इथं सही."

राणीनं मोठ्यानं वाचलं, "'सदर रस्त्यावरून चारचाकी वाहनाची वाहतूक बारमाही सुरळीत सुरू असून, प्रत्यक्ष वाहनाने प्रवास करून खात्री केली. सबब नवीन कामाची आवश्यकता दिसून येत नाही.'" ती थांबली. "साहेब, ही गाडी साधी न्हाई. हिला जीपची एक्सल घातली आहे. म्हणून येते."

"ते माझ्या नमुन्यात नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता. "वाहन जातं की नाही, एवढंच मला लिहायचं असतं. वाहन गेलं. व्हिडिओ आहे. तुमचे वडीलच बोललेत."

"अन् रुंदी?"

"त्यासाठी वेगळा अर्ज करा. मोजणीचा."

सहीशिवाय कागद फाइलीत गेला. सही नसली तरी चालते, असं कारकून म्हणाला.

भिवाजी खांबाला धरून उभा होता. चाळीस वर्षं वस्ती गाळात चालली तेव्हा रस्ता नाही असं कुणी लिहिलं नाही. स्वतःच्या हाडांची एक्सल केली तेव्हा रस्ता आहे असं लिहिलं. या हिशोबानं बाया डोक्यावर घड घेऊन मेल्या असत्या तर रस्ता मिळाला असता. असली माणुसकी कुठल्या पुस्तकातून शिकून येतात कोण जाणे.

"सोडा मला," साहेब म्हणाले. "पुढं अजून दोन गावं आहेत."

पंचफुलानं चहाच्या कपबश्या बाजूला सारल्या. ती उठली. "मी बी येते," म्हणाली आणि मागच्या हौद्यात कारकुनाशेजारी चढली. राणीही चढली.

खोलगट भागात गाडी उतरली तशी पंचफुलानं टपावर थाप मारली. "थांबवा."

भिवाजीनं थांबवली. ती काचेशी वाकली.

"लिव्हर मागं घ्या."

भिवाजीनं तिच्याकडे पाहिलं. मग लिव्हर मागे घेतला.

"आता चालवा."

त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं गरगर फिरली, चिखलाचे शिंतोडे उडाले, आणि पिकअप जुन्या सवयीनं खाली बसत गेली. मागच्या एक्सलचा गोळा मातीला टेकला तेव्हा भिवाजीनं इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून पंचफुलाच्या हातात दिली.

"अहो, तो लिव्हर टाका ना," साहेब म्हणाले.

"लिव्हर आमचा हाय, साहेब," पंचफुला म्हणाली. "आमच्या घरचा. तुमी सरकारच्या रस्त्यावर बसलेले हायत. तो सुरळीत हाय म्हणून तुमीच लिवलं."

साहेब खूप बोलले. शासकीय कामात अडथळा, असंही बोलले. "अडवलं कुठं?" राणी म्हणाली. "उतरा अन् जा. आमी रोज जातो." साहेबांनी दार उघडलं, एक पाय खाली ठेवला. गाळानं तो पोटरीपर्यंत घेतला आणि बूट ठेवून घेतला. साहेब मोजा घातलेला पाय वर धरून पुन्हा सीटवर बसले.

तेवढ्यात समोरून ट्रॅक्टरचा आवाज आला. उकंडराव. त्या दिवशी त्यांचीही केळी तुटत होती. सकाळपासून मजूर लागले होते, शेतात पाल्यावर घडांच्या रांगा लागल्या होत्या आणि डांबरीवर व्यापाऱ्याचा ट्रक उभा होता. रिकामी ट्रॉली घेऊन ते शेताकडे निघाले होते, आणि वाटेत पिकअप. आठ फुटांची पांदण, त्यात साडेपाच फुटांची गाडी. बाजूनं ट्रॉली काढायला जागा नव्हती. शेताला दुसरी वाट नव्हती. जागा कुणी ठेवली नव्हती ते सगळ्यांना माहीत होतं.

"भिव्या, बाजूला घे."

"किल्ली तिच्यापाशी हाय," भिवाजी म्हणाला.

उकंडरावांनी पंचफुलाकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. "साखळी लावतो, पंचफुलाबाई. वढून देतो. दिवस बी नगं."

"वढू नगा," पंचफुला म्हणाली. "साखळी लावली तर मी चाकाम्होरं बसंल. आमाला काढायची असंल तवा आमची गाडी आमी काढू. साहेब जरा कागद लिवून राहिले. तो झाला की निघतो."

"कसला कागद?"

राणीनं सांगितलं. वाहन अडकलं हे लिहायचं. आणि नकाशावर किती फूट, जमिनीवर किती फूट, तेही. बांध कुठवर आला तेही.

उकंडरावांचा चेहरा बदलला. "बांधाचं काय मधीच?"

ऊन चढलं होतं. शेतातून एका मजुरानं हाक मारली की ट्रकवाला फोन करून राहिला, एक वाजेपर्यंत भरला नाही तर तो पुढच्या गावाला जातो. पाल्यावरच्या घडांवर ऊन आलं होतं. साहेबांनी फाइल उघडली, पेन काढलं आणि लिहायच्या आधी उकंडरावांकडे पाहिलं. इतक्या वेळात त्यांनी पहिल्यांदाच कुणाला काही विचारल्यासारखं पाहिलं, आणि तेही उकंडरावांनाच.

"भिवाजी," उकंडराव म्हणाले. हे नाव त्यांच्या तोंडून असं पुरतं कधी आलं नव्हतं. "समजाव बाईला. माझा माल उन्हात पडला हाय. काळा पडंल."

"दिसून राहिलं मला," भिवाजी म्हणाला.

पंचफुला हौद्याच्या फळीवर बसली. किल्ली तिनं मांडीवर ठेवली होती. उकंडराव तिच्या डाव्या हाताला उभे होते, म्हणून ती सगळीच्या सगळी त्यांच्याकडे वळली.

"तुमी बघा काय ते," ती म्हणाली. "आमाला घाई न्हाई. आमची केळी अजून झाडाला हायत."